न्यूटनला कमी पडलेले ५२ मीटर

आज अकरावीला ध्वनीचा वेग शिकवला. या धड्यातली मला सर्वांत प्रिय जागा म्हणजे न्यूटनचं सूत्र जिथे अडतं ती. त्याच्या हिशेबाने शून्य अंश सेल्सिअसला हवेतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला २८० मीटर येतो. प्रत्यक्षात तो ३३२ मीटर भरतो. फळ्यावर हे आकडे शेजारी लिहिले की वर्ग गप्प होतो. न्यूटन चुकला?

चुकला. ध्वनिलहर जाताना हवेचं तापमान तेच राहतं, असं त्याने धरलं होतं. लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं, की दाब इतका झटपट वाढतो-उतरतो की उष्णतेला इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही. वर्गमुळाच्या आत १.४ हा गुणक आला आणि उत्तर जुळलं. सीईटीच्या धबडग्यात हे दोन मिनिटांत उरकता येतं. मला तसं करवत नाही.

प्रयोगशाळेत तर बहारच. ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून नळीच्या तोंडाशी धरायचा, पाण्याची पातळी हळूहळू उतरवायची. साधारण १६ सेंटिमीटरवर नळी एकाएकी घुमते आणि मुलं चमकून एकमेकांकडे बघतात. त्या लांबीत नळीच्या व्यासाच्या ०.३ पट मिळवायची, कारण हवेची कंपनं काठाबाहेरही थोडी पसरतात. मग चौपट करून ५१२ ने गुणलं की वेग हाती.

एका मुलीने विचारलं, पावसाळ्यातल्या दमट हवेने उत्तर बदलेल का? बदलेल, किंचित वाढेल. जुलैत तिच्याकडूनच पुन्हा मोजून घेणार आहे.