खलनायक नसलेले नाटक

श्रावण लागला की आमच्या ओसरीवर ‘रामविजय’ची पोथी लागते. काका वाचतात, आई आणि शेजारच्या बाया ऐकतात. मी कॉलेजात येईपर्यंत आमच्या घरात पुस्तक म्हणून जे काही होते ते एवढेच. त्या पोथीवरून एक गोष्ट मनात पक्की बसली होती : दुष्ट माणूस दुरूनच ओळखू येतो. त्याला दहा तोंडे असतात, तो समुद्रापलीकडे राहतो आणि शेवटी मरतो.

यंदा विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हाती पडले आणि ही सोय संपली. १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आले. बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. मी भोकरदनला बसून पुस्तकावरच भागवले.

मुंबईची एक मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला खेड्यात येते. रात्रीपर्यंत वेळ काढायचा म्हणून गमतीने खोटा खटला भरवतात. आरोपी लीला बेणारे, शाळेतील शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. गंमत कुठे संपली आणि शिकार कुठे सुरू झाली, ते पान मी तीनदा शोधले. सापडले नाही. सुखात्मे बाहेर न चाललेली वकिली इथे चालवून घेतात, पोंक्षे इंटर नापास. ज्याची त्याची हार त्या एका बाईकडून वसूल होते. तिच्या पोटातील मूल ज्यांचे, ते प्रोफेसर दामले तर आलेलेच नाहीत!

तेंडुलकरांचेच ‘गिधाडे’ (रंगभूमीवर १९७०) जास्त भयंकर आहे असे म्हणतात. असेल. पण तिथली माणसे इतकी उघड क्रूर आहेत की ‘आपण काही असे नाही’ म्हणून वाचकाला सुटता येते. मला झोप लागली नाही ती सामंतांमुळे. सामंत गावातला, भोळा, घरच्या पोरासाठी हिरवा कापडी पोपट घेणारा माणूस. तोही साक्षीला उभा राहतो, हातातल्या कादंबरीतून जुळवून काहीबाही सांगतो, आणि ती साक्ष बेणारेबाईंना नेमकी लागते. त्याच्या मनात काही पाप नव्हते. मग ते आले कुठून?

आमच्या गावच्या पारावर असे सामंत पुष्कळ आहेत. माझ्याबरोबर एस.टी.ने येणारी एक मैत्रीण होती. पारावर कुणी तरी हसत म्हणाले, ‘‘पोरगी रोजच उशिरा येती बरं का!’’ दुसऱ्याने त्यात एका मोटारसायकलची भर घातली. आठ दिवसांत ते हसणे तिच्या ओसरीपर्यंत पोचले आणि तिचे कॉलेज बंद झाले. कुणाचेही तिच्याशी वैर नव्हते. भर घालणारे ते गृहस्थ तर माझी आजी आजारी पडली तेव्हा मध्यरात्री ट्रॅक्टर जोडून आले होते. डिझेलचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

तिचे लग्न मे महिन्यात झाले. पंगतीत वाढायला पारावरचीच मंडळी होती आणि ती मनापासून राबली.

आता मी एकटीच एस.टी.ने येते. संध्याकाळी उतरले की पारावरून कुणी तरी विचारते, ‘‘कितवीला गेलीस गं माय?’’ मी सांगते, ‘‘बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.’’ ते खरोखरच कौतुकाने मान हलवतात.