सही नसली तरी हिशेब हवा

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ पोलिसांची गाडी स्फोटात उडवली गेली. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक ठार झाले. बातम्यांत शब्द आला तो ‘भूसुरुंग’. आंतरराष्ट्रीय कायदा मात्र हा शब्द इतक्या सैलपणे वापरत नाही. झाडीआड दबा धरून बसलेला माणूस तारेची कळ दाबून स्फोट घडवत असेल, तर १९९७च्या ओटावा कराराच्या लेखी तो माणसांविरुद्धचा भूसुरुंग नव्हे. पाऊल पडल्याच्या दाबाने किंवा पायात अडकलेल्या तारेने आपोआप फुटतो, तोच सुरुंग या करारात बसतो, मग तो सरकारी कारखान्यात बनलेला असो की जंगलात कुकरच्या भांड्यात. हा शब्दच्छल नाही. कळ दाबणारा निदान बघून दाबतो. पावलाची वाट बघणारी वस्तू जवान, मोहफुलं वेचणारी बाई आणि गाय यांत फरक करत नाही. लढाई संपल्याचंही तिला कळत नाही. करार आहे तो या आंधळेपणाविरुद्ध.

करार पाळला जातो की नाही, हे बघायचं कोणी? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळ्या टोप्यांचे निरीक्षक येतात. प्रत्यक्षात तथ्यशोधक पथक पाठवण्याची तरतूद कलम ८ मध्ये असूनही, १ मार्च १९९९ रोजी करार अमलात आल्यापासून पहिल्या पंचवीस वर्षांत असं एकही पथक गेलं नाही. काम चालतं ते कलम ७च्या वहीवर. प्रत्येक सदस्य देशाने दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत लिहून द्यायचं: साठा किती, कोणत्या प्रकारचा, किती नष्ट केला, कोणती जमीन सुरुंगग्रस्त आहे, किती मोकळी झाली. साठा चार वर्षांत संपवायचा, जमीन दहा वर्षांत साफ करायची. शेजारी ‘लँडमाइन मॉनिटर’ हा नागरी संघटनांचा वार्षिक अहवाल असतो. सरकारने लिहिलेलं आणि जमिनीवर दिसलेलं तो ताडून पाहतो. खुलासा मागितला जातो तो या दोहोंतल्या फरकावर. येमेनने २०११ मध्ये आपल्याच देशात सुरुंग पेरले गेल्याचं २०१३ मध्ये कबूल केलं, ते याच रेट्यामुळे. बेलारूसचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. साठा नष्ट करण्याची २००८ची मुदत त्या देशाने चुकवली. पण त्याच्याकडचे द्रवस्फोटकाचे सुरुंग नष्ट करणं विषारी आणि खर्चिक काम होतं. युरोपीय संघाने पैसा दिला आणि २०१७ मध्ये सुमारे ३४ लाख सुरुंगांचा तो साठा संपला. नुसता दंडुका उगारून हे झालं नसतं. वही उघडी होती, म्हणून अडचण कळली आणि मदत पोचली.

भारताची सही या करारावर नाही. आपण त्याच्या बैठकांना निरीक्षक म्हणून जातो आणि संयुक्त राष्ट्रांत त्यावरच्या ठरावाला दरवर्षी तटस्थ राहतो. तरी आपण अगदी मोकळे आहोत, असंही नाही. पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल आपण सप्टेंबर १९९९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार प्रत्येक सुरुंगात शोधयंत्राला सापडेल इतका धातू हवा, निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित जास्त. त्याचा वार्षिक अहवालही आपण देतो. निर्यात तर १९९६ पासून बंद आहे. थोडक्यात, हिशेब द्यावा हे तत्त्व दिल्लीला मान्य आहे. अडतं ते साठ्याच्या आकड्यापाशी. मॉनिटरचा अंदाज ४० ते ५० लाख सुरुंगांचा आहे, आणि तो अंदाजच राहतो, कारण आपण आकडा सांगत नाही.

हा विषय मुंबईकराला काश्मीरइतका लांबचा वाटतो. खरं तर या हत्याराचं जवळजवळ सगळं आयुष्य महाराष्ट्रात सापडतं. २०२२ मध्ये लष्कराला मिळालेला ‘निपुण’ हा नवा सुरुंग पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण प्रयोगशाळेने देशी उद्योगांच्या साथीने घडवला. सुरुंग पेरणारे आणि काढणारे बॉम्बे सॅपर्स खडकीचे. त्यांच्यातल्याच रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे दूर करत रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीरचक्र मिळवलं. पाय गेलेल्या सैनिकाला नवा पाय बसवणारं लष्करी केंद्रही १९४४ पासून पुण्यातच आहे. उरली ती सुरुंग पुरलेली जमीन, आणि ती गडचिरोलीत आहे.

यावर पहिला आक्षेप सीमेचा, आणि तो वजनदार आहे. चीन आणि पाकिस्तान कराराबाहेर असताना आपण पत्ते का उघडावेत? माझं म्हणणं सही करा असं नाहीच. मोरोक्को पश्चिम सहाराच्या वादापायी कराराबाहेर आहे, तरी स्वेच्छेने कलम ७चा अहवाल देत आला आहे. पोलंडनेही २०१२ मध्ये कराराला मंजुरी देण्याआधी वर्षानुवर्षं तसे अहवाल दिले. आता तोच पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देश २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने बाहेर पडायला निघाले. मग करारच बुडत असताना वही कसली, असंही कोणी म्हणेल. पण सुरुंग ठेवायचे की नाहीत आणि कुठे पुरले ते लिहून ठेवायचं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अंधेरीत रस्ता खणताना खाली गॅसची नळी आहे की विजेची केबल, याची नोंद नसली की काय होतं, ते उपनगरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर २००१ पासून ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सीमेवर सुमारे २० लाख सुरुंग पेरले गेल्याचा अंदाज आहे. शिस्तबद्ध सैन्याने, नकाशे ठेवून पेरलेले सुरुंग काढायलाही वर्षं लागली. नकाशाच नसलेल्या जंगलाचं काय होणार?

दुसरा आक्षेप गडचिरोलीच्या बाबतीत हमखास येतो: ते स्फोटक सरकारचं नव्हे, नक्षल्यांचं, त्याचा हिशेब सरकारने का द्यावा? कराराचं पाचवं कलम सुरुंग कोणाचा, असं विचारत नाही. जमीन कोणाच्या अखत्यारीत, एवढंच विचारतं आणि सफाईची जबाबदारी तिथेच टाकतं. सशस्त्र गटांकडून सुरुंगबंदीची लेखी हमी घेण्याचा मार्गही आहे. नागालँडच्या एनएससीएन (आयएम) गटाने २००३ मध्ये ‘जिनिव्हा कॉल’ या संस्थेपुढे तशी हमी दिली. माओवाद्यांनी दिली नाही, आणि आता द्यायला फारसं कोणी उरलेलंही नाही: ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. नोंदीच्या दृष्टीने हीच घटका महत्त्वाची आहे. कुठल्या पायवाटेवर काय पुरलं, हे त्या माणसांच्या आठवणीतच आहे. पुनर्वसनाच्या पहिल्या महिन्यांत ते गाववार लिहून घेतलं नाही, तर पुढच्या दहा वर्षांत तो नकाशा हळूहळू पुसला जाईल.

दिल्लीचं सीमाधोरण बदलण्याची वाट न बघता महाराष्ट्र शासनाने एवढं तरी करावं: गडचिरोलीतल्या स्फोटकांची तालुकावार यादी, कळीने फुटणारी वेगळी आणि पावलाने फुटणारी वेगळी, साफ झालेल्या वाटांसह मराठीत आणि गोंडीत दरवर्षी ग्रामसभांपुढे ठेवावी. यात सीमेचं कुठलंही गुपित नाही. मुदत कराराचीच धरावी, ३० एप्रिल. जांभूळखेड्याचा स्मृतिदिन दुसऱ्याच दिवशी येतो.