हयातीचा दाखला

गोल डाकखान्याजवळचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल दिल्लीत राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाने बाहेरून पाहिलेले असते. आम्हीही सात वर्षे ते बाहेरूनच पाहिले. गोल मार्केटातील आमच्या क्वार्टरपासून ते पायी दहा मिनिटांवर. एका रविवारी त्याच्या फाटकातून बाहेर पडणारे एक पिकल्या केसांचे गृहस्थ फोनवर कोणाला तरी "अरे, आधी जेवून घे, मग कागद शोध" असे सांगत होते. ते मराठी कानी पडताच आमचे पाय थबकले. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारा, अशी आमची समजूत. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठी ओव्यांत अवतरले, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु माहितीने समजूत बदलतेच असे नाही.

गृहस्थही वसईचेच निघाले. बँकेत कारकून म्हणून लागले, मॅनेजर होऊन दिल्लीत निवृत्त झाले आणि लेकीच्या संसाराजवळ इथेच राहिले. आम्ही त्यांना मॅनेजरसाहेब म्हणू लागलो. निवृत्तीनंतर त्यांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामाला वाहून घेतले होते. फ्रेडरिक ओझानम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये काही मित्रांसह मांडलेला हा उद्योग. त्याची रीत अशी, की नुसते पैसे धाडून मोकळे व्हायचे नाही. गरजवंताच्या घरी स्वतः जायचे, आणि तेही जोडीने. सभेत एक थैली फिरते. कोणी किती टाकले, हे कोणालाच कळत नाही. "जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजले," मॅनेजरसाहेब म्हणत, "इथे मोजायचे नसते, म्हणून बरे वाटते."

आम्ही पेन्शनच्या तक्रारी पाहणाऱ्या एका कचेरीत आहोत, हे त्यांना कळले तेव्हा ते एक छापील कागद घेऊन घरी आले. कागद आमच्याच टेबलावरून गेलेला होता. पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; न दिल्यास पेन्शन थांबते. एका दिवंगत शिपायाच्या विधवेची पेन्शन अशीच थांबली होती. 'दाखला बँकेत सादर करावा' असे उत्तर देऊन आम्ही तक्रार निकाली काढली होती. उत्तरात काही चूक नव्हती. मॅनेजरसाहेबांनी ते आमच्यासमोर पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाले, "मसुदा चांगला आहे. रविवारी मोकळे आहात का? माझा जोडीदार आजारी आहे."

पहाडगंजातला तो जिना दिवसाही अंधारा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आजीबाई खाटेवर पडून होत्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. कोनाड्यात मारुतीची तसबीर होती, आणि तिच्याशेजारी नवऱ्याच्या पेन्शनीचे पुस्तक. २०१४ पासून हा दाखला घरबसल्या यंत्रावर देता येतो. मॅनेजरसाहेब यापूर्वी दोनदा ते यंत्र घेऊन येऊनही गेले होते. पण लोकांची भांडी घासून आजीबाईंच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. दहापैकी एकही बोट यंत्राला ओळखू येईना. आता चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे, तथापि त्यासाठी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसविणे भाग होते, आणि ते एकट्याचे काम नव्हते. आम्ही त्यांना खांद्याला धरून उठविले. किती हलक्या होत्या! खिडकीचे एक दार उघडले, मॅनेजरसाहेबांनी फोन समोर धरला, आणि हिंदीतून डोळे मिटून उघडायला सांगितले. त्यांनी ते मिटले, ते मिटलेच. पुन्हा सांगावे लागले. चौथ्या खेपेस आजीबाई हयात असल्याचे सरकारला मान्य झाले.

"या तुमच्या चर्चच्या?" जिना उतरताना आम्ही विचारले.

"नाही. या तिसऱ्या मजल्यावरच्या."

खालच्या पायरीशी ते दम खाण्यासाठी थांबले. "सही जुळत नाही म्हणून किती म्हाताऱ्यांना मी काउंटरवरून परत पाठविले असेल," ते म्हणाले. "नियमाने बरोबरच होते. हात थरथरतो म्हणून सही बिघडते, हे मला दिसत नव्हते असे नाही." आम्ही काही बोललो नाही. निकाली काढलेल्या आमच्या तक्रारींचे गठ्ठे डोळ्यांपुढे येत होते.

त्यानंतर आम्ही दर रविवारी त्यांच्याबरोबर जातो, असे लिहिले तर ते खोटे होईल. जोडीदार नसेल तेव्हा ते बोलावतात. कधी आम्ही जातो, कधी सबब सांगतो. मात्र उत्तर लिहिण्याआधी आता आम्ही तक्रारदाराला फोन करतो. साहेबांना ते विशेष पसंत नाही.

परवा डिसेंबरात मॅनेजरसाहेबांचाच फोन आला. महिनाभर लोकांचे दाखले करीत हिंडताना स्वतःचा दाखला राहिला होता. आम्ही संध्याकाळी गेलो. ते उजेडाखाली खुर्चीत ताठ बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि लहान मुलासारखे विचारू लागले, "आता डोळे मिटू?"