आधी भरा, मग माफ

"आज भरून टाका, सरकारकडून आले की परत देऊ."

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फीच्या खिडकीवर ऐकलेलं हे वाक्य दीड वर्ष झालं तरी माझ्या मनातून जात नाही. बोलणाऱ्या बाईंचा आवाज चढलेला नव्हता, त्या उद्धटही नव्हत्या. दिवसातून पन्नास वेळा म्हणावं लागतं तसं त्यांनी ते म्हटलं. माझ्या शेजारी दाजी उभे होते. त्यांनी रेक्झिनच्या पिशवीची चेन उघडली, आत बघितलं आणि परत लावली.

मी बार्शीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. अक्काचं सासर परंडा तालुक्यातलं. चार एकर कोरडवाहू रान आणि दोन म्हशी. भाची अकरावी-बारावीला माझ्याकडेच होती. सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड हे आता घरोघरी माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर दुसऱ्या फेरीत तिला संगणक अभियांत्रिकीची जागा लागली. हजार रुपये भरून जागा स्वीकारली आणि कॉलेजात हजर व्हायला तीन दिवस मिळाले.

आम्ही निर्धास्त होतो, त्याला कारण होतं. ८ जुलै २०२४ ला उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला होता. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी हीच सवलत पन्नास टक्के होती. भाची ओबीसी. मी तो निर्णय छापून घेतला, कामाच्या ओळींखाली लाल शाईनं रेघा मारल्या आणि दाजींना म्हणालो, "फी नाही. फक्त विकास शुल्क आणि किरकोळ." त्या भरवशावर दाजी तीस हजार घेऊन निघाले.

कागदपत्रांसाठी त्याआधी किती झिजलो, ते आमचं आम्हाला ठाऊक. जात वैधतेसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडच्या नात्यातला. भाचीचे आजोबा शाळेची पायरीच चढले नव्हते. शेवटी चुलत आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा सापडला, शाईचे डाग पडलेला, पण तारीख वाचता येत होती. हे काम मी अकरावीतच सुरू केलं होतं म्हणून निभावलं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर मात्र ताजं लागतं. ते काढायला जुलैत गेलो, तर सेतू केंद्रासमोर लाडक्या बहिणींची रांग रस्त्यापर्यंत आलेली. 'लाडकी बहीण' योजनेच्या सुरुवातीला त्यांनाही उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मागितला होता ना. त्या बायांवर माझा राग नव्हता, त्यांनाही गरज होतीच. पण एकाच महिन्यात मुलींनाही तोच दाखला लागणार, हे वर कुणाच्या ध्यानात आलं नसेल का?

असो. त्या दिवसाकडे येतो.

आम्ही साडेअकराला खिडकीवर पोचलो. बाईंनी कागद तपासले, सगळे बरोबर निघाले. मग त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. शिक्षण शुल्क १,०८,०००. विकास शुल्क १२,०००. इतर ७,५००. एकूण १,२७,५००. मी शासन निर्णय काढून पुढे केला. त्यांनी तो न वाचताच परत ठेवला. म्हणाल्या, "सर, जीआर आम्हालाही माहितीये. पण संस्थेचा नियम असाय, आधी पूर्ण फी, मग प्रवेश. स्कॉलरशिप आली की तुमची रक्कम परत."

मी म्हणालो, "माफ झालेली फी आधी भरायची कशी?"

"तुम्ही प्राचार्यांना भेटा."

प्राचार्य बैठकीत होते. दीड वाजता बैठक संपली तेव्हा ते जेवायला गेले. अडीचला त्यांच्या दाराबाहेर आमच्यासारखी सात-आठ घरं बसलेली. एक बाप माझ्याकडचा शासन निर्णय हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचत होता आणि "शंभर टक्के लिवलंय की हितं" असं पुन्हा पुन्हा मला दाखवत होता, जणू मला पटवायचं होतं. तीन वाजता एक प्राध्यापक बाहेर आले आणि सगळ्यांना एकत्रच सांगून गेले की पाचला पोर्टल बंद होईल, ज्यांचा प्रवेश नोंदला जाणार नाही त्यांच्या जागा पुढच्या फेरीत जातील. त्यात धमकी नव्हती, नियमच होता. पण त्या वाक्यानंतर कुणी काही बोललं नाही. एकेक घर उठलं आणि फोन लावत खिडकीकडे गेलं.

मी तेव्हा काय करायला हवं होतं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. शिष्यवृत्तीला किंवा फीमाफीला पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी ती फी घेऊ नये, अशा सूचना शासन वेळोवेळी काढत आलंय. मी तिथंच बसून राहायला हवं होतं. तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जायला हवं होतं. पण घड्याळात साडेतीन झाले होते आणि भाची माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मामा, राहू द्या. मी बार्शीत बीएस्सी करते."

ते ऐकल्यावर मी खिडकीवर गेलो. दाजींचे तीस हजार, माझ्या पगाराच्या खात्यातले साठ हजार फोनवरून, आणि उरलेल्या ३७,५०० चा माझा पुढच्या तारखेचा चेक. बाईंनी तो घेतला. पावती देताना हळूच म्हणाल्या, "सर, फी भरली तरी लेखी अर्ज द्या. आवक क्रमांक टाकून पोच घ्या. नंतर उपयोगी पडेल." मी अर्ज लिहिला, पोच घेतली. पाचला दहा मिनिटं असताना प्रवेश झाला.

महिन्याभरानं दाजी बार्शीला आले आणि चहाच्या कपाशेजारी नोटांचं पुडकं ठेवलं. दुभती म्हैस विकली होती. मी म्हणालो, "दाजी, घाई काय होती?" ते म्हणाले, "सर, तुम्ही शब्द दिला होता, तो खोटा नको पडायला." शब्द मी दिला होता. फी नाही, असं मीच म्हणालो होतो. मग तो खोटा पडू नये म्हणून म्हैस त्यांनी का विकावी? हे आठवलं की अजून जीव तुटतो.

कॉलेजजीवनाबद्दल थोडं सांगतो, कारण प्रवेशाच्या गडबडीत ते कुणी सांगत नाही. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा एका खोलीत चौघी, कॉट बेसिसवर. खोलीचे साडेचार हजार, डब्याचे बत्तीसशे. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळू शकतात. पण शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केलेला असावा लागतो आणि प्रत्येक जिल्ह्यात जागा ठरलेल्या असतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. वसतिगृहाची यादी लागली नाही म्हणून पालक हात झटकतात आणि हा दुसरा अर्ज राहून जातो. तो राहू देऊ नका. आणि मुलाच्या नावाचं एकच बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा. भाचीचं मधे पोस्टात खातं उघडलं, आधार तिकडं जोडलं गेलं आणि आम्ही जुन्या खात्यात पैसे शोधत बसलो.

पहिला महिना ती फोनवर फक्त "हो" आणि "बरं" म्हणायची. व्याख्यानं इंग्रजीत, फळ्यावर चिन्हं ओळखीची पण वाक्यं परकी. एकदा रात्री फोन करून विचारलं, "मामा, सबमिशन म्हणजे वही द्यायची का परीक्षा?" तिनं वर्गात हे कुणाला विचारलं नव्हतं. करमाळ्याची एक वरच्या वर्गातली मुलगी खोलीत आली, तिनं एम-वनच्या, म्हणजे गणिताच्या, वह्या दिल्या आणि प्रयोगवही कशी लिहायची ते एका रविवारी बसून दाखवलं. प्रवेशाच्या वेळी आम्ही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या, १८००-१८०-५५२२ हा क्रमांकही तिला पाठ करायला लावला होता. त्याची गरज पडली नाही. गरज होती ती "अगं, हे असं असतं" म्हणणाऱ्या कुणाची. त्यासाठी कुठला अर्ज नसतो.

पहिल्या वर्षाचं शिक्षण शुल्क परत मिळायला पंधरा महिने लागले. दर दोन महिन्यांनी मी ती आवक क्रमांकाची पोच घेऊन जायचो. मनात त्या बाईंबद्दल राग धरून जायचो. एकदा त्यांनी त्यांच्याकडची नोंदवही माझ्यापुढे ठेवली. शासनाकडून अमुक विद्यार्थ्यांची रक्कम येणं बाकी, अमुक महिन्यापासून. पानामागून पानं. त्या म्हणाल्या, "सर, आमचेही पगार ह्याच्यातून होतात." तो राग त्या दिवशी निवला, खोटं कशाला बोलू. पण घरी परतताना एसटीत बसल्यावर वाटलं, शासनाची उधारी कॉलेजानं सोसायची नाही, ठीक. मग ती परंड्याच्या दोन म्हशींनी का सोसावी? एक तर आता राहिलीच होती.

मी साताऱ्याला 'कमवा व शिका'त शिकलो. सकाळी बागेत खुरपं, दुपारी वर्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबाच्या पोराला आधी आत घेतलं, हिशेब मागून केला. माझा राग खरं तर हा क्रम उलटा झाल्याचा आहे. पैसा परत मिळतो हे मी नाकारत नाही, आम्हाला मिळाला. पण जिच्याकडे त्या दिवशी पाच वाजेपर्यंत सव्वा लाख नव्हते, त्या मुलीसाठी माफी झालीच नाही. ती परत मागायला खिडकीवर येतच नाही, त्यामुळे कुठल्या नोंदवहीत तिचं नाव नसतं.

म्हणून बारावीच्या वर्गात मी आता ठासून सांगतो: जात वैधता अकरावीतच, शासन निर्णयाची प्रत सोबत, नकार लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, पाच-सहा पालक मिळून जा.

यंदा निरोप समारंभानंतर एक बाप थांबला. ऊसतोडीवरून दोन दिवसांसाठी आला होता. म्हणाला, "सर, पोरीला फी माफ हाय म्हणत्यात. पैशे न्यावं लागतील का?"

शिक्षण शुल्काचे नाही लागणार, असं मी म्हणायला हवं होतं. कागदावर तेच खरं आहे. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "थोडेफार सोबत ठेवा."

त्यानं मान हलवली. काय विकायचं, ह्याचा हिशेब त्याच्या तोंडावर मला दिसत होता.