लसणाची काढणी

संगमनेरच्या आमच्या घरामागे चार हात लांबीचा एक वाफा आहे. तो माझ्या आईचा. दिवाळीच्या सुमारास ती त्यात लसूण लावी आणि फाल्गुनात काढी. बियाणे तिने माहेरून आणलेले. काढलेल्या लसणातूनच पाचसहा चांगले गड्डे ती पुढच्या वर्षासाठी आढ्याला टांगून ठेवी. लसणाचे बी तिने बाजारातून आणल्याचे मला आठवत नाही.

आईला जाऊन आता दोन वर्षे होतील. ती गेली तेव्हा आढ्याला पाच गड्डे लोंबत होते. दिवाळीनंतर मी ते फोडले आणि शेंडा वर करून एकेक पाकळी मातीत खोचली. लावणे सोपे होते. काढायचे केव्हा, हे मात्र मी तिला कधी विचारले नव्हते.

वांगे पिकले की डोळ्यांना दिसते. लसणाचे सारे मातीखाली. तीन महिने झाले, शेंडे पिवळसर दिसू लागले आणि मला राहवले नाही. अर्धा वाफा उपटला. हाती आले ते ओले, पांढरे गोळे. त्यांत पाकळ्या धड सुटलेल्याही नव्हत्या. पंधरा दिवसांत ते सुकून गेले. मग उरलेल्या अर्ध्या वाफ्याला मी हातच लावला नाही. पाणी मात्र देत राहिलो. पात पार वाळल्यावर खणले, तो गड्डे फुटून पाकळ्या मातीत विखुरलेल्या, काहींना कोंब आलेले. आईच्या बियाण्यातले धड असे तीनच गड्डे उरले. त्या संध्याकाळी मला फार अपराधी वाटले.

शेजारच्या मावशींना ते दाखवले. त्या म्हणाल्या, "अरे, लसणाचं एकेक पान म्हणजे गड्ड्यावरचं एकेक पांघरूण. सगळी हिरवी असताना उपटलंस तर अंग भरलेलं नसतं. सगळी वाळू दिलीस तर पांघरूणच उरत नाही. तुझी आई आधी एकच उपटायची आणि आडवा कापून बघायची."

तेव्हा मला आठवले. दर फाल्गुनात एके दिवशी आई ओल्या लसणाचा ठेचा करी आणि आम्ही तो भाकरीबरोबर आवडीने खात असू. ती तिची परीक्षा होती, हे आम्हांला कधी कळलेच नाही.

त्या तीन गड्ड्यांच्या चाळीसेक पाकळ्या मी गेल्या दिवाळीनंतर लावल्या. चार महिने होत आले तसे पाणी तोडले. बुडाची तीनचार पाने वाळली, वरची पाच हिरवी होती, मान मऊ होऊन पात कलू लागली. तेव्हा एकच रोप काढले आणि गड्डा आडवा कापला. पाकळ्या सालीला घट्ट भिडल्या होत्या. मग उरलेला लसूण खुरप्याने माती सैल करून, पात न ओढता काढला. पातीसकट सावलीत आठदहा दिवस सुकवला आणि जुड्या बांधल्या.

कापलेल्या त्या एका गड्ड्याचा ठेचा केला. खलबत्त्याशी लेकीला बोलावून घेतले आणि हा एकच गड्डा आधी का काढला, ते तिला सांगितले. आढ्याला आता सहा गड्डे आहेत.