नासायच्या आत

आमच्या पिढीतल्या माणसाला गाडीत ठेवायचा फ्रिज घ्यायचा असला की आधी जरा लाजल्यासारखं होतं, आणि मग तो चष्मा लावून माहितीपत्रक वाचायला बसतो. लाजायला कारण आहे. गोदरेजने भारतात पहिला फ्रिज १९५८ साली बनवला, पण आमच्या आळीत तो यायला पुढची वीस-बावीस वर्षं गेली. आला तो थेट बैठकीच्या खोलीत. त्याच्यावर क्रोशाचं विणकाम, दाराला कुलूप, आणि किल्ली आईच्या कमरेला. शेजारी पाहुणे आले की बर्फाचा ट्रे मागायला कोणीतरी येई आणि संध्याकाळी धुतलेला ट्रे परत येई. अशा घरांतून निघालेली माणसं आता साठीला टेकली आहेत, फोर बाय फोर गाड्या घेऊन रानोमाळ हिंडताहेत, आणि तंबूत थंड ताक मिळावं म्हणून ४५ लिटरचा घ्यावा की ३५ पुरेल यावर तावातावाने बोलताहेत.

तेव्हा वाटेत गार पाणी हवं तर साधनं दोनच: हातात पितळेचा फिरकीचा तांब्या आणि जीपच्या बंपरपाशी टांगलेली कॅनव्हासची छागल. तांब्यातलं पाणी घाट चढेपर्यंत कोमट होई. छागलीतलं ऊन वाढेल तसं गार होत जाई. शाळेत अप्रकट उष्म्याचा धडा आम्ही घोकला होता. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो आणि एक ग्रॅम पाणी कापडावरून उडून जाताना जवळजवळ ५८०, हे पेपरात लिहून गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र वर्ध्याच्या पुढे, मे महिन्यात, छागलीला तोंड लावल्यावर कळला. अर्थात हे कौतुक विदर्भापुरतं. कोकणात उतरलं की दमट हवेत छागल नुसती गळायची, पाणी होतं तसंच राहायचं, आणि छागल नवी असली तर पाणी पिताना तंबू चघळल्यासारखं लागायचं.

आता दुकानात दोन जातीचे डबे मिळतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एक स्वस्त, हलका, आवाज न करणारा. त्यात पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ साली शोधलेली युक्ती असते, दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते. दुसऱ्यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. तो जड आणि महाग. पहिल्या जातीचा डबा बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंशांनी गार होतो. चंद्रपूरला बाहेर ४५ असेल तर आत २५ ते ३०. एवढं काम माठ फुकटात करतो. त्यामुळे उन्हाळ्यात गाडी घेऊन निघणाऱ्याने कॉम्प्रेसरचाच घ्यावा, यात फारसं दुमत नाही. गंमत अशी की ज्या १८३४ मध्ये पेल्तिए तिकडे सांध्यांशी खेळत होता, त्याच साली मुंबई बंदरात अमेरिकेतून आलेला बर्फ पहिल्यांदा उतरला. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, भुशात दाबून, जहाजातून काही महिन्यांचा प्रवास करून. जमशेदजी जीजीभॉय यांनी त्याचं आइस्क्रीम करून मेजवानीत वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. म्हणजे वाटेत थंड खायच्या हौसेला आपल्याकडे पहिल्यापासून थोडी शिक्षा जोडलेली आहे.

आमची हौस भागे ती बर्फाच्या कारखान्यात. पहाटे गाडी आधी तिथे न्यायची. आत अमोनियाचा वास, पायाखाली ओल, आणि आकड्याने फरशीवरून ओढत आणलेली लादी. अख्खी लादी कोणालाच परवडत नसे. सळईने टोचून तिचे तुकडे पाडायचे, आपला वाटा गोणपाटात गुंडाळायचा, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि ते गाठोडं पत्र्याच्या पेटीत उतरवायचं. पुढे थर्माकोलची खोकी आली, तेव्हा विज्ञान याच्यापुढे जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. पेटी उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे असे. तो सहसा सगळ्यांत चिकट माणूस निवडलेला असे, कारण झाकण जितक्यांदा उघडेल तितका बर्फ लवकर जाणार. दर थांब्यावर सगळे त्याच्याभोवती जमत. तो बोटभर फट करून आत हात घाली आणि डॉक्टरने नाडी पाहून सांगावं त्या गांभीर्याने म्हणे, “आहे अजून.”

आता पेटी उघडायचीही गरज नाही. आत किती अंश आहेत ते फोनवर दिसतं, पुढच्या सीटवर बसून एका बोटाने चाराचे दोन करता येतात. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही.

आणि त्या बर्फाच्या हिशेबावर जेवणाचा क्रम ठरलेला असे. मटण किंवा मासे असतील तर पहिल्या रात्रीच. दही दुसऱ्या सकाळी, आंबट व्हायच्या आत. पोळ्या दुसऱ्या दुपारपर्यंत, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या त्याच्याही पुढे. तिसऱ्या दिवशी फक्त लसणाची चटणी, लोणचं, कांदा आणि गावात मिळेल ती भाकरी. काय आधी संपवायचं आणि काय राखायचं यावर वाद व्हायचे, रुसवेफुगवे व्हायचे. नासण्याचं भय हेच आमचं वेळापत्रक होतं. शेजारी दुसऱ्या कोणाचा तंबू असला तर संध्याकाळी पातेलं घेऊन कोणीतरी जाई, “थोडं मटण आहे, सकाळपर्यंत टिकायचं नाही, घ्याच.” यात औदार्य किती आणि नाइलाज किती, हे आज सांगणं कठीण. पण बदल्यात तिकडून चहा येई, चहाबरोबर दोन माणसं येत, आणि त्यांतला एकजण हमखास कोणाच्या तरी मामाच्या गावचा निघे.

आजच्या फ्रिजला दोन कप्पे असू शकतात. एकात उणे १८, दुसऱ्यात चार अंश. मटण पाचव्या दिवशीही खाता येतं, म्हणून पहिल्या दिवशी कोणाला द्यावं लागत नाही. तळावर चार गाड्या उभ्या असतात, चार फ्रिज मंद घुरघुरत असतात, आणि प्रत्येक गाडीचं दही प्रत्येक गाडीत.

इथे स्वतःलाच थोडं धरून हलवायला हवं, कारण स्मरणातला बर्फ कधी वितळत नाही. खऱ्या बर्फाचं पाणी व्हायचं, त्या पाण्यात भाजी तरंगायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लोणी अग्रलेखासकट निघायचं. “हे जरा लागतंय का रे?” असं मटणाबद्दल एकाने विचारायचं, सगळ्यांनी वास घ्यायचा, आणि फेकायचं जिवावर येतं म्हणून सगळ्यांनी खायचं. पुढचा दिवस कसा गेला हे आठवणींच्या मैफलीत कोणी सांगत नाही. विहिरीचं पाणी कसं गोड होतं हे सगळे सांगतात. त्या पाण्याने परत आल्यावर कोणाला कावीळ झाली आणि सगळा जून ती व्यक्ती उसाचा रस पीत पडून होती, हे तिची आईच काय ते सांगेल. आणि त्या दशम्या! दशम्यांवर आम्ही तासभर बोलू शकतो. त्या करायला पहाटे तीनला उठून स्टोव्हला पिन मारत बसलेल्या बाईला सहलीला कोणी नेलं नव्हतं. तिच्या बाजूने पाहिलं तर ४५ लिटरचा डबा हा गेल्या पन्नास वर्षांतला मोठा उपकार आहे, आणि तो तिच्या सुनेच्या वाट्याला आला.

माशांचं तर विचारू नका. हर्णैच्या बंदरावर दुपारचा लिलाव चालू असायचा, सुरमई डोळ्यांदेखत होडीतून उतरायची, आणि मोह आवरत नसे. बर्फ भरून, पेटी बांधून पुण्याकडे निघायचं. वरंध घाटात बर्फाचं पाणी व्हायला लागे, भोरपर्यंत ते पेटीबाहेर येई, आणि घरी पोचेपर्यंत सीटखाली झिरपे. सुरमई खाऊन संपे. वास दिवाळीपर्यंत गाडीत राही. हल्ली तीच सुरमई शून्याच्या आसपास, कोरडी, पिशवीत, घरी येते. या एका बाबतीत मला जुन्याची अजिबात आठवण येत नाही.

आणखी एका बाबतीत नाही. आमच्यातले निम्मे आता इन्सुलिनवर आहेत. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, गोठवून चालत नाही, गाडीच्या उन्हात तर मुळीच नाही. तांब्याच्या आणि छागलीच्या काळात असा माणूस घरीच बसायचा, आणि आपण त्याला “तब्येत जपा” असं सांगून जीपमध्ये चढायचो. आता तो गाडी चालवतो आणि फ्रिज कुठला घ्यावा यावर सगळ्यांत ठाम मतही त्याचंच असतं.

त्याचं मत ऐकण्यासारखं आहे. डबा कुठला यापेक्षा त्याला वीज कुठून देणार ते आधी पाहा, असं तो म्हणतो. आपल्या उन्हाळ्यात असा फ्रिज दिवसाला चाळीस-पन्नास अँपिअर-अवर सहज खातो. तो गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर चालवला तर सकाळी ताक थंड असतं आणि इंजिनही. म्हणून व्होल्टेज पडलं की आपोआप बंद होणारा घ्यायचा, आणि शक्यतो दुसरी बॅटरी बसवायची. शिशाची घेतली तर १०० अँपिअर-अवरमधले निम्मेच वापरायचे, लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर ऐंशी-नव्वद वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी, किमतीला मात्र दम लागतो. सिगारेट लायटरच्या भोकावर विसंबायचं नाही, खड्ड्यात ते सैल होतं. बॅटरीपासून जाड वायर वेगळी ओढायची. डबा पट्ट्यांनी बांधायचा. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घ्यायचा, आणि आत भरायचं ते आधीच गार केलेलं भरायचं. हे सगळं तो बोटं मोडत सांगतो तेव्हा मला तो पेटी राखणारा चिकट मित्र आठवतो. चेहऱ्यावरचे भाव अगदी तेच.

पूर्वी दूध नासेल म्हणून रात्री झोप लागत नसे. आता बॅटरी उतरेल म्हणून लागत नाही. पूर्वी मध्यरात्री उठून बर्फ चाचपायचो. आता मध्यरात्री उठून फोनवर व्होल्ट बघतो, ११.९ दिसले की कूस बदलतो.

पण मापाचा प्रश्न राहतोच. थारसारख्या गाडीत मागची सीटं जागेवर असताना सामानाला जागा अशी फारशी उरत नाही. चाळीस-पंचेचाळीस लिटरचा फ्रिज, त्याची बॅटरी आणि डबा बाहेर ओढायची सरकती फळी बसवायची तर मागची सीटं दुमडावी लागतात. म्हणजे फ्रिज न्यायचा तर दोन माणसं घरी. जुन्या महिंद्राच्या जीपमध्ये मागे समोरासमोरच्या बाकांवर सहाजण, पुढे तिघे, आणि पेटी सहाजणांच्या पायांवर. उतरल्यावर पाय सापडत नसत. कोणाच्या मांडीवर कोणाचा भाचा आहे हे खंडाळ्याला कळायचं. त्या दाटीत गुदमरलोही आहोत आणि एकमेकांच्या खांद्यावर झोपलोही आहोत. आज मला कोणी मागच्या बाकावर बस म्हटलं तर मी कंबरेचं कारण सांगून नाही म्हणेन.

दूध मात्र खरंच आठवतं. तिसऱ्या दिवशी आमचं दूध हटकून फाटलेलं असे, आणि दिवेलागणीला दोघांना किटली देऊन गावात पिटाळलं जाई. कुत्री भुंकत, कोणीतरी कंदील वर करून “कोण हाय?” विचारी. “पुण्याचं हाय, तंबू टाकलाय तळ्याकडं, दूध मिळंल का?” आमची ग्रामीण बोली ऐकून ती माणसं हसत असणार. दूध मिळे. पैसे कधी घेत, कधी घेत नसत, आणि न घेणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशी पोरांना दूध कमी पडलं असेल का, हा विचार त्या वयात आम्हाला शिवलाही नाही. आम्ही त्याला आदरातिथ्य म्हणायचो. त्यांच्या घरात कदाचित दुसरं काही म्हणत असतील.

हे मी मुलीपुढे बोललो. तिच्या गाडीत पन्नास लिटरचा फ्रिज आहे आणि छपरावर सोलर पॅनेल. ती म्हणाली, “बाबा, मग जा ना गावात किटली घेऊन. फ्रिज काय तुम्हाला अडवतोय?”

नाही अडवत. पण कंदील वर करून कोणी विचारलं, काय पाहिजे म्हणून, तर सांगायचं काय? आणि दूध पाहिजे म्हटलं, त्यांनी पातेल्यातलं अर्धं काढून दिलं, तर गाडीत चार अंशांवर दोन लिटर पडलंय हे त्यांना सांगायचं की नाही?