चपाती बंद करण्याआधी हे वाचा

आमच्या वीरला, महाडला रोजच्या ताटात गहू कधी होता? भात, तांदळाची भाकरी, नाचणी. चपाती पाहुणे आले की. आता सकाळी बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री चपाती. गव्हाचा आजार म्हणजे पंजाब-हरियाणाकडचा, असं मलाही वाटायचं.

पुतणी अकरावीत. हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकेना. शाळेतली आठवड्याची निळी गोळी झाली, डॉक्टरांनी दिलेलं लोह झालं, जंताचं औषध झालं. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही. मीच कुठंतरी वाचून वहिनीला म्हटलं, "गव्हाचं असेल, चपाती बंद करून बघा." दोन महिन्यांत पोरीला जरा बरं वाटलं. मी खूश! पोटाच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "तपासायच्या आधी गहू का थांबवलात?"

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषणारे बारीक उंचवटे झिजतात, मग खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. तपासणी म्हणजे रक्तातली टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए (ते मुळातच कमी असेल तर टीटीजी फसवं नॉर्मल येतं), आणि मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे. गहू बंद असला की रक्तही निवळतं, आतडंही भरून येऊ लागतं. म्हणजे आजार आहे, पण रिपोर्ट कोरा. माझ्या शहाणपणामुळे पोरीला पुन्हा आठ आठवडे रोज चपात्या खाव्या लागल्या. त्यात तिची सहामाही होती.

मग रिपोर्ट आला. सिलिअ‍ॅकच.

जुलाब, फुगलेलं पोट, वजन न वाढणं हा नेहमीचा प्रकार, तो लवकर ओळखू येतो. हिचा दुसरा. पोटाची तक्रारच नाही. नुसतं रक्त कमी, नाहीतर उंची खुंटलेली, हाडं ठिसूळ, तोंड सारखं आलेलं. काहींना तर काहीच होत नाही, तरी आतडं खराब असतं. हे बहुधा घरच्यांची तपासणी करताना सापडतं. काहींचं रक्त पॉझिटिव्ह पण आतडं चांगलं, त्यांच्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात, प्रत्येकाला लगेच पथ्य लागतंच असं नाही. वर्षभर कडक पथ्य करूनही आतडं सुधारत नाही असा प्रकार दुर्मीळ, तोही मोठ्या माणसांत. पण त्याआधी घरात लपलेला गहू शोधायचा. आमच्याकडे तो तीन ठिकाणी निघाला: हिंगात (बांधणी हिंगात मैदा असतो), तळलेल्या मासळीच्या रव्यात आणि गिरणीत. गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठ म्हणजे गहूच की!

शाळांमध्ये रक्त तपासायला येणाऱ्या पथकांना एकच विनंती. महिनोन्‌महिने गोळ्या नीट घेऊनही ज्या पोरीचं हिमोग्लोबिन हलत नाही, तिला "पालेभाजी खा" सांगून परत पाठवू नका. एकदा टीटीजी करायला लिहून द्या.

दादा, वहिनी आणि धाकट्याचंही रक्त दिलंय. मोठ्या दोघांचं ठीक आहे. धाकट्याचा रिपोर्ट सोमवारी येईल. तोवर त्याची चपाती चालू आहे.